दीड वर्ष ते पंधरा वर्ष: चार पोरांना घेऊन डिस्नीचा प्लॅन कसा जमवला, माझा अनुभव

नणंद पुण्याहून दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे न्यू जर्सीला येणार हे ठरलं आणि दुसऱ्या वाक्यातच ऑरलँडोला जायचं ठरलं. तिची सई पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, ओम नऊ वर्षांचा. आमची मीरा पाच वर्षांची आणि छोटू दीड. बरोबर सासूबाई, म्हणजे चौघांचीही आजी. एवढी वेगवेगळ्या वयाची पोरं एकाच दिवशी एकाच ठिकाणी खूश कशी ठेवायची यावर मी जेवढी माहिती शोधली ती बहुतेक दोन मुलं, दोन-तीन वर्षांचं अंतर अशा घरांसाठी होती. म्हणून आपल्यासारख्या एकत्र निघणाऱ्या मंडळींसाठी सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे तारीख. पुण्याच्या मुलांची सुट्टी एप्रिल-मे, इथल्या शाळा जूनच्या शेवटाला सुटतात, त्यामुळे आम्हाला मेचा पहिला पंधरवडा सोयीचा होता आणि तो तसाही चांगलाच निघाला. ईस्टरच्या आसपासच्या स्प्रिंग ब्रेकची गर्दी ओसरलेली असते, मेच्या शेवटच्या सोमवारच्या मेमोरियल डेची अजून सुरू झालेली नसते, आणि फ्लोरिडाचा तो रोज दुपारी कडकडाट करून येणारा पाऊसही जूनमध्ये खरा जोर धरतो (वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद करतात, हे लक्षात ठेवा). सईचं म्हणणं होतं निकाल लागायच्या आत जाऊन येऊ, तेही जमलं. तिकिटांचे दर तारखेप्रमाणे बदलतात म्हणून आठवड्याच्या मधले दिवस घेतले. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं तिकीट, दहापासून पुढे मोठ्यांचं. पण मुलांच्या आणि मोठ्यांच्या तिकिटात फारसा फरक नसतो, त्यामुळे नऊ वर्षांचं पोर म्हणजे बचत होईल असं धरून चालू नका.

आता मुख्य गोष्ट. आपण सगळे वयावर प्लॅन करतो, पण तिथे वय कुणी विचारत नाही, उंची मोजतात. मी ताईला, म्हणजे नणंदेला, व्हिडिओ कॉलवर सांगितलं की दोघांना बूट घालून दाराच्या चौकटीला उभं कर आणि इंचात मोज, कारण तिथेही बूट घालूनच मोजतात. सई प्रश्नच नाही, ओम 52, मीरा 43, छोटू 32 च्या आसपास. मग मॅजिक किंगडम या डिस्नी पार्कातल्या राइडची किमान उंचीची यादी समोर घेतली: बार्नस्टॉर्मर 35 इंच, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन 38, टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर 40, स्पेस माउंटन 44, ट्रॉन 48. मीरा एका इंचानं स्पेस माउंटनला राहते हे घरीच कळलं हे फार बरं झालं, तिला आधीपासून सांगता आलं, गेटवर पट्टी लावल्यावर कळलं असतं तर तिनं रडून आकाशपाताळ एक केलं असतं. आणि उंचीची अट नसलेल्या राइडची मोठी यादी आहे, डम्बो, पीटर पॅन, स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ, पीपलमूव्हर, ज्यात दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन बसता येतं. ऑरलँडोच्या चार डिस्नी पार्कांपैकी आम्ही मॅजिक किंगडम घेतलं ते याच कारणासाठी.

सईला मात्र मॅजिक किंगडम नको होतं. तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण मी चौघांना, म्हणजे बोलणाऱ्या तिघांना, वेगवेगळं बसवून विचारलं होतं तेव्हा ती हळूच म्हणाली, मामी मला एकच मोठं रोलर कोस्टर हवंय, बाकी मी छोट्यांबरोबर फिरेन. पंधरा वर्षांची मुलगी एवढ्या समंजसपणे बोलते तेव्हा आपण चटकन खूश होतो आणि तिच्या हातात स्ट्रोलर देतो. डिस्नीचा नियमही असा आहे की चौदा वर्षांखालच्या मुलांसोबत चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी पाहिजे, म्हणजे सई नियमानुसार ओमची पालक म्हणून चालते, आणि सात वर्षांखालच्या मीराबरोबर राइडमध्येही बसू शकते. घरात लगेच सूर निघाला की अरे वा, मग काय, सई आहेच की. मी तिथेच नाही म्हटलं आणि ते अगदी मनापासून म्हटलं. दहावीचं सगळं वर्ष क्लास आणि टेस्ट सिरीजमध्ये घालवून आलेली मुलगी आहे ती, तिची सुट्टी भावंडं सांभाळण्यात जाऊ नये. मोठ्या मुलाला फुकटची आया समजायची आपल्याकडे फार सवय आहे आणि ते पोर बिचारं बोलतही नाही.

म्हणून एक दिवस सई आणि तिचा मामा, म्हणजे माझा नवरा, दोघंच ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या पार्कला गेले, खास वेलोसीकोस्टरसाठी. 2021 मध्ये सुरू झालेलं हे कोस्टर, 155 फूट उंची आणि ताशी 70 मैल वेग, उंचीची अट 51 इंच. ओम 52, म्हणजे तोही बसू शकत होता. त्याला राइडचा व्हिडिओ दाखवला, शांतपणे पूर्ण बघितला आणि म्हणाला मी घरीच पूलमध्ये थांबतो. संपलं. आम्ही ऑरलँडोजवळच्या किसिमीला किचन असलेलं घर भाड्यानं घेतलं होतं, त्यामुळे त्या दिवशी बाकी सगळ्यांचा आराम, वरणभात, कपडे धुणं आणि पूल. दोन पार्कांच्या मध्ये असा एक रिकामा दिवस पाहिजेच, लहान पोरं आणि आजी असतील तर नक्कीच.

आता मॅजिक किंगडममधली व्यवस्था. लायटनिंग लेन मल्टी पास म्हणजे पैसे भरून छोटी रांग, तीन राइड आधी निवडून ठेवता येतात, डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला अ‍ॅपवर. ट्रॉन आणि माइन ट्रेनचे पैसे वेगळे. आजीसाठी घेतलाच नाही, छोटूला लागत नाही. आणि सगळ्यांसाठी त्याच तीन राइड न घेता दोन गट पाडून घेतल्या, मोठ्या गटाला टियानाज आणि छोट्यांना पीटर पॅन. पीटर पॅनला उंचीची अट नाही, राइड दोन-तीन मिनिटांची आणि रांग मात्र भलीमोठी, पाच वर्षांच्या पोराला घेऊन तिथे उभं राहण्यात काही अर्थ नाही, छोट्यांचा पास तिथेच वापरा.

याहून कामाची गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे रायडर स्विच. लहान मूल बसू शकत नसेल तर अर्धी माणसं रांगेत जातात, उरलेली मुलाजवळ थांबतात, आणि पहिली परत आली की थांबलेल्यांना लायटनिंग लेनमधून सोडतात, पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. फक्त रांगेत शिरायच्या आधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, तिकिटं स्कॅन करून ते नोंदवतात.

स्पेस माउंटनला ताई, सई आणि ओम पुढे गेले, मी मीराला घेऊन बाहेर, छोटू आजी आणि मामाबरोबर. ओमबद्दल मला आधीपासून काळजी होती. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्याचा विचार सगळे करतात, मधलं पोर राहून जातं. उंची पुरते म्हणून त्याला प्रत्येक राइडला ओढायचं आणि नाही म्हटलं की घाबरट म्हणायचं, हे मी फार घरांत बघितलंय. म्हणून निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ओम रांगेतून कधीही बाहेर पडू शकतो, अगदी गाडीत बसायच्या क्षणीसुद्धा, आणि त्यावर कुणीही, मोठ्यांनीही, एक शब्द बोलायचा नाही. झालं तसंच. आतल्या अंधारात रांग पुढे सरकत गेली तसा त्यानं सईच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला तो सोडेच ना, आणि गाड्या दिसायला लागल्यावर ताईला म्हणाला, आई मला नको. ताई मला नंतर म्हणाली की तिच्या अगदी ओठावर आलं होतं, अरे एवढे पैसे भरलेत, बस की. पण बोलली नाही. तिथल्या कर्मचाऱ्यानं हसून बाजूची वाट दाखवली, ताई आणि ओम बाहेर आले, सई एकटी बसून आली आणि खूप खूश होऊन आली.

मग मी ओम आणि मीराला शेजारच्या पीपलमूव्हरमध्ये बसवलं. ही वरून संथ फिरणारी गाडी आहे, उंचीची अट नाही, जेमतेम दहा मिनिटं, आणि ती मध्ये चक्क स्पेस माउंटनच्या इमारतीच्या आतून जाते. अंधारात चांदण्यांसारखे दिवे, कोस्टरचा खडखड आवाज, लोकांच्या किंकाळ्या. ओम कान देऊन ऐकत होता, खाली उतरल्यावर म्हणाला, मामी ते लोक ओरडतात पण हसतात पण. माझा रायडर स्विच शिल्लक होता, दारावरच्या माणसाला सगळं सांगितलं तर त्यानं ओमलाही माझ्याबरोबर जोडून दिलं. आम्ही दोघं जाऊन आलो. पूर्ण वेळ त्याचे डोळे मिटलेले होते असं त्यानंच सांगितलं, आणि म्हणाला परत नाही बसणार पण आता माहितीये काय असतं ते. मला एवढंच पुरे होतं.

खाण्याबद्दल ताईला खरंच वाटेना की घरचे डबे आत नेऊ देतात. देतात. काचेची भांडी आणि दारू चालत नाही, बाकी बॅग तपासून सोडतात. मेथीचे पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या असं सगळं नेलं होतं. कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, त्यामुळे बाटल्यांचं ओझं नको. आणि छोट्यांच्या आयांनी बेबी केअर सेंटर शोधून ठेवाच, मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या शेजारी आहे. एसी, शांतता, दूध पाजायला वेगळी खोली, उंच खुर्च्या आणि मायक्रोवेव्ह. छोटूचा मऊभात तिथे गरम केला, वर घरून नेलेलं तूप घातलं, आणि सकाळपासून नुसती बिस्किटं चघळणारं पोर वाटीभर जेवलं.

दुपारच्या झोपेसाठी घरी परतायचा विचार आम्ही सोडून दिला. मॅजिक किंगडमचं पार्किंग गेटपाशी नाही, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला आहे, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट, म्हणजे जाण्यायेण्यातच झोपेची वेळ निघून जाते. त्याऐवजी कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. थिएटर गोल फिरतं, आत गार आणि अंधार, साधारण वीस मिनिटं बसायला मिळतं. छोटू आजीच्या मांडीवर झोपला, आजींचेही गुडघे मोकळे झाले. त्या वेळात सईला तासभर एकटीला सोडलं. पार्कात वायफाय फुकट आहे, तिकिटं सगळ्यांची अ‍ॅपवर एकत्र जोडलेली, आणि भेटायची जागा डम्बोजवळ ठरलेली. कॅसलसमोर भेटू असं कधीच ठरवू नका, तिथे अर्धं पार्क तेच करत असतं.

आजींसाठी मी टुमारोलँड स्पीडवे ठेवलं होतं. गाडी एकट्यानं चालवायला 54 इंच लागतात, ओम 52, म्हणजे बरोबर मोठं माणूस पाहिजे. मी आजींना म्हटलं, आई तुम्ही बसा. ओमनं स्टिअरिंग धरलं, गाडी मधल्या रुळाला धरून जाते त्यामुळे भरकटायची भीती नाही, आणि आजी शेजारी पदर खोचून बसल्या, हळू रे ओम, हळू, असं वळणावळणावर सांगत. मीराला हे बघून इतका हेवा वाटला की ती आईची नाही, आजीचीच गाडी पाहिजे म्हणून ओमच्या नंतर पुन्हा आजींना घेऊन गेली. आजी दोन्ही वेळा खुशीत.

रात्रीच्या फटाक्यांसाठी मात्र पुन्हा दोन गट. कॅसलसमोर जागा धरून उभं राहायचं तर खूप आधीपासून थांबावं लागतं आणि आवाज प्रचंड असतो. सई, ओम, ताई आणि मामा तिथे थांबले. मी, आजी आणि दोन्ही लहान आधीच बोटीनं तिकीट सेंटरच्या बाजूला आलो. तिथून तळ्यापलीकडे फटाके दिसतात, आवाज खूपच कमी येतो, बसायला जागा मिळते, आणि शो संपल्यावर पार्कातून लोटणाऱ्या गर्दीत स्ट्रोलर ढकलावी लागत नाही. फक्त गाडीची किल्ली आपल्याजवळ घ्यायची, कारण मागच्यांना यायला तासभर सहज लागतो आणि तोपर्यंत पोरांना गाडीत कपडे बदलून झोपवता येतं.