मुंबईच्या उकाड्यात शिराझ-व्हिओनिए: माझा अनुभव

रेड वाइन ‘रूम टेम्परेचरला’ प्यायची, हा सल्ला मुंबईत गुंडाळून ठेवावा. मे महिन्यात खोलीत पारा ३१ वर असतो आणि ग्लासातून आधी अल्कोहोलच नाकात घुसतं. थंड हवेत पिकलेल्या शिराझ या काळ्या द्राक्षांच्या रेड वाइनला १५-१६ अंश मानवतात. त्यासाठी बाटलीला फ्रिजमध्ये दोनेक तास लागतात. बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको, तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही. पहिल्या खेपेला मी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. वास गायब, जिभेवर कच्च्या जांभळाचा तुरटपणा तेवढा उरला.

बाटली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा भागातली होती. शिराझमध्ये व्हिओनिए मिसळायची मूळ पद्धत मात्र फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली. तिथल्या कोत-रोती या वाइनच्या भागात शिराझबरोबर व्हिओनिए ही पांढरी द्राक्षं एकाच टाकीत आंबवतात. नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालतात, प्रत्यक्षात बरेच जण पाचेक टक्क्यांवर थांबतात. पांढरी द्राक्षं घातल्यावर रंग फिका पडेल असं वाटतं, पण त्यांच्यातले घटक लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात आणि रंग उलट उजळतो. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की कडेला जांभळी झाक दिसते.

ओतायची फक्त ७५ मिली, म्हणजे वास साठायला वर जागा राहते. पंखा बंद. स्वयंपाकघरात फोडणी पडायच्या आधी हे सगळं उरकावं, अगरबत्तीही नको.

ग्लास न हलवता पहिला वास घेतला तेव्हा ओल्या जर्दाळूचा आणि फुलांचा गंध आला. ही व्हिओनिए. चार-पाच वेळा गोल फिरवल्यावर मिरी आली, अगदी खलबत्त्यात आत्ताच कुटल्यासारखी. शिराझमध्ये आणि काळ्या मिरीत हा वास रोटुंडोन या एकाच द्रव्यामुळे येतो. थंड हवेत हळूहळू पिकलेल्या द्राक्षांत ते जास्त सापडतं. पाचातल्या एकाला हा वास येतच नाही, तेव्हा सोबतच्या माणसाशी वाद घालू नये! जर्दाळूच जर जॅमसारखा अंगावर आला, तर व्हिओनिए जास्त पडली असं खुशाल समजावं.

घोट तोंडात घोळवायचा. आंबटपणा गालांत कळतो, तुरटपणा हिरड्यांवर. इथे तो जांभळाइतका खरखरीत नसतो, रेशमी असतो. पंधरा-वीस मिनिटांत ग्लास तापतो, म्हणून बाटली अधूनमधून बादलीत घालावी.

सोबत लाल तिखटाचं मटण घेतलं आणि फसलो. मिरचीने अल्कोहोल जाळायला लागलं. काळी मिरी घातलेलं सुकं मटण मात्र जमलं. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी जर्दाळू उडाला होता, मिरी तशीच होती.