एकास बारा केमिस्ट, १८८८ : पेटंट औषधांचं कपाट भरलं

मंडळी, ज्या कपाटाच्या हौसेपायी हे दुकान करायला घेतलं, ते एकदाचं भरलं. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो : जुन्या औषधांच्या दुकानाची छोटी प्रतिकृती, एकास बारा प्रमाण, इंग्लंडमधलं लिंकन गाव, साल १८८८, दुकान काल्पनिक, माल मात्र खरा. भिंती, दर्शनी खिडकी आणि लॅटिन लेबलांच्या बरण्यांची मांडणी मागच्या नोंदीत झाली. राहिलं होतं काउंटरच्या डाव्या हाताचं काचेचं कपाट, म्हणजे जाहिरातवाल्या, ‘पेटंट’ म्हणवणाऱ्या औषधांचं.

१८८८च का, असं काहींनी विचारलं होतं. होलोवेच्या मलमाची डबी घ्या. थॉमस होलोवेनं १८३७ मध्ये धंदा काढला. १८६७ पर्यंत त्याच्या मालावर लंडनमधला २४४ स्ट्रँड हा पत्ता असायचा, मग ५३३ ऑक्सफर्ड स्ट्रीट आला, आणि १८८१ मध्ये घरांचे नंबर बदलल्यावर ७८ न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट. जमिनीतून निघालेल्या डब्या जमवणारे लोक त्यांचं वय याच पत्त्यांवरून ठरवतात. गंमत म्हणजे होलोवेच्या जाहिरातींनीच गिऱ्हाइकांना पत्ता तपासायची सवय लावली होती : लेबलावर ५३३ ऑक्सफर्ड स्ट्रीट नसेल तर माल नकली समजा! त्यामुळे नंबर बदलल्यावर ‘७८, पूर्वीचा ५३३’ असं दोन्ही छापत बसावं लागलं. माझ्या कपाटात पुढच्या ओळीत ७८ आहे. मागे कोपऱ्यात ५३३ची एक मळकी डबी सरकवली आहे, न खपलेला जुना माल म्हणून. तीन मिलीमीटरच्या डबीवरचा पत्ता कुणाला दिसणार, असं म्हणू नका. आपल्यातले निम्मे लोक भिंग खिशात घेऊनच येतात.

तोवर स्वतः होलोवे जाऊन पाच वर्षं झाली होती. गोळ्या-मलमाच्या पैशांतून उभं राहिलेलं त्याचं मुलींचं कॉलेज १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनं उघडलं. गोळ्यांचा धंदा चालूच होता.

आता मुख्य काम, कराची तिकिटं. या वेळचा जवळजवळ सगळा वेळ त्यांनीच खाल्ला.

ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक कर होता. माझ्या दुकानाच्या काळी १८१२ च्या कायद्यातले दर लागू होते : एक शिलिंगापर्यंतच्या मालावर दीड पेनी, त्यापुढे अडीच शिलिंगांपर्यंत तीन पेनी, चार शिलिंगांपर्यंत सहा पेनी, असे चढत जाणारे. जुन्या जाहिरातींत १ शिलिंग १½ पेनी, २ शिलिंग ९ पेनी, ४ शिलिंग ६ पेनी हे विचित्र भाव वारंवार दिसतात, त्यांचा उलगडा इथे होतो. मूळ किंमत अधिक तिकीट (शिलिंग म्हणजे बारा पेनी). कर भरल्याची खूण म्हणून कागदाची लांबट पट्टी झाकणावरून खाली अशी चिकटवायची, की डबी उघडली की ती फाटलीच पाहिजे.

पण कर नेमका कशावर? केमिस्टनं स्वतः घोटलेलं, सर्वांना माहीत असलेलं, कुणाच्या मालकीचा दावा नसलेलं औषध त्याच्या दुकानात बिनतिकिटाचं विकता येई. तेच औषध छापील कागदावर ‘अमुक रोगावर रामबाण’ म्हणून लोकांपुढे आलं, की तिकीट लागलंच. म्हणजे जाहिरात केली म्हणून कर बसायचा. आणि औषधवाले असे बिलंदर, की त्या कराचीच त्यांनी जाहिरात केली. पैसे मोजून स्वतःच्या मालाचं नाव सरकारी तिकिटाच्या ठशातच कोरून घ्यायचं आणि वर्तमानपत्रात बजावायचं की सरकारी तिकिटावर आमचं नाव पाहिल्याशिवाय घेऊ नका. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला काय दिसणार? सरकारचा छाप, त्यात औषधाचं नाव. राणीनं पसंत केलेलं औषध असं त्याला वाटलं, तर त्याचा काय दोष! पुढे सरकारलाच तिकिटावर छापावं लागलं की या तिकिटाचा अर्थ सरकारी हमी असा नाही. ती ओळ किती जणांनी वाचली असेल देव जाणे. कर मात्र थेट १९४१ पर्यंत चालला.

म्हणून दुकानाच्या दोन भिंतींत हा फरक दिसायलाच हवा होता. उजवीकडे केमिस्टच्या बरण्या, सोनेरी अक्षरं, एकही तिकीट नाही. डावीकडच्या कपाटात प्रत्येक नगावर पट्टी.

पट्टी या प्रमाणात जेमतेम दीड मिलीमीटर रुंद येते. नेहमीच्या प्रिंटरच्या कागदावर ती बँडेजसारखी जाड दिसते, म्हणून अगदी पातळ कागदावर लेझरनं छापली, छापण्याआधी कागद चहाच्या पाण्यात बुडवून सुकवला. इंकजेटची शाई ओल लागली की पसरते, तिच्या वाटेला जाऊ नका. कापायला नवं पातं, दर काही पट्ट्यांमागे बदलायचं. चिकटवायला मैद्याची पातळ खळ. पांढरा गोंद वाळल्यावर कडेला चकाकतो आणि फोटोत नेमका तोच दिसतो. खळ लावली की अर्धा मिनिट थांबा, कागद मऊ पडतो, मग सुईच्या दांडीनं झाकणाच्या कडेवर दाबा. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसत असतील तर तपकिरी पेन्सिलचं टोक हलकेच फिरवा. हातभर अंतरावरून पट्टीवरचं काहीही वाचता येत नाही, आणि तरी पट्टी बसली की रंगीत मणी वाटणारी वस्तू विकायला ठेवलेला माल वाटू लागते.

बीचमच्या गोळ्यांपाशी मी जरा रेंगाळलो. सेंट हेलन्सचा थॉमस बीचम, ‘एका गिनीच्या (एकवीस शिलिंगांच्या) मोलाची डबी’ हे त्याचं ब्रीद, आणि डबी १ शिलिंग १½ पेनीला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा औषधांचं पृथक्करण छापलं. बीचमच्या गोळ्यांत निघाले काळा बोळ, सुंठ आणि साबण. आपल्या आज्यांनी साबण तेवढा वगळून बाकीचं ओळखलं असतं. डबीतल्या ५६ गोळ्यांच्या घटकांचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. त्या हिशेबानं झाकणावरचं दीड पेनीचं तिकीट आतल्या औषधाच्या बारापट महाग पडलं. (एकास बारा! मी ठरवून केलेलं नाही.) बाकीचा पैसा कुठे जात होता ते भिंतींवर दिसत होतं : १८८९ च्या सुमाराला बीचमचा वर्षाचा जाहिरातखर्च ९५,००० पौंडांच्या घरात होता. म्हणून कपाटाच्या माथ्यावर लटकवलेल्या रंगीत पुठ्ठ्यांत सगळ्यांत मोठा बीचमचा ठेवला आहे.

साल ठरवण्याचं दुसरं कारण क्लोरोडाइन. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा भारतात ब्रिटिश फौजेत असलेला डॉक्टर. पटकीवर म्हणून त्यानं हे मिश्रण वापरलं आणि पुढे लंडनच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या डेव्हनपोर्टनं ते बाजारात आणलं. आत मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. फ्रीमन नावाच्या स्पर्धकाशी झालेल्या खटल्यात १८६४ मध्ये न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राउनच खरा जनक असं म्हटलं. झालं! ते वाक्य ‘द टाइम्स’च्या तारखेसकट पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत छापून येत राहिलं. कोर्टाचा निकालसुद्धा वाया घालवायचा नाही.

दुकानाच्या दृष्टीनं खरी गोष्ट वेगळीच आहे. १८६८ च्या फार्मसी कायद्यानं अफूची औषधं ‘विष’ असं लेबल आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता लावूनच द्यायची, असं ठरवलं. पण पेटंट औषधांना त्यातून सूट. क्लोरोडाइनचं पेटंट ब्राउननं कधी घेतलंच नव्हतं (पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते), तरी या सवलतीचा फायदा त्याच्या बाटलीनं वर्षानुवर्षं घेतला. १८९० च्या दशकात कोर्टांनी सूट खऱ्या पेटंटापुरतीच आहे असं सांगितलं, तेव्हा बाटलीवर ‘विष’ आलं. माझं दुकान त्याआधीचं. म्हणून उजव्या भिंतीवरच्या लॉडनमच्या (अफूच्या अर्काच्या) बाटलीला लाल अक्षरांत ‘विष’ आहे, आणि चार पावलांवर डाव्या कपाटात मॉर्फिन भरलेल्या क्लोरोडाइनला नुसतं सरकारी तिकीट. दोन्ही बाटल्या एकाच फोटोत येतील अशी काउंटरची जागा मुद्दाम थोडी सरकवली. अख्ख्या दुकानात मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

क्लार्कचं ‘जगप्रसिद्ध रक्तमिश्रण’ मात्र गावचा माल. क्लार्क लिंकनचाच, पुढे महापौरही झालेला, तेव्हा त्याला डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा मिळाला. बाटल्या सिलिकॉनच्या साच्यात, निळसर रेझिनच्या. रंगासाठी अल्कोहोल इंकचा थेंब पुरतो, सुईच्या टोकावर घेतलेला. काचेवरची उठावाची अक्षरं या मापात निघत नाहीत, नाद सोडा. २ शिलिंग ९ पेनीच्या बाटल्या पुढे, आणि सहापट माल असलेली ११ शिलिंगांची खोकी खाली.

एक मोह आवरला. होलोवेची माहितीपत्रकं चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक भाषांत निघत. देवनागरी पत्रक काउंटरवर ठेवायला हात शिवशिवत होते. पण लिंकनच्या गिऱ्हाइकाला ते कुणी दिलं असतं? ते मुंबईच्या दुकानासाठी राखून ठेवलं आहे, कधी केलंच तर.

यापुढे खिडकीतले रंगीत पाण्याचे मोठे काचगोळे आणि त्यांच्यामागचा गॅसचा दिवा. १:१२ मध्ये पिवळसर, जरा थरथरणारी ज्योत दाखवणारा एलईडी कुणी वापरला असेल तर व्होल्टेजसकट कळवा. तीन व्होल्टवर चालणारा हवा, वायर काउंटरखालून नेता येईल.