आप्पांसाठी तिसरे चाक

गेल्या आषाढात बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आमचे आप्पा मोटारसायकलसह आडवे झाले. गेट पडलेले होते आणि गाडी जागेवर उभी होती. टेकलेला डावा पाय पावसाने सैल झालेल्या खडीवरून घसरला, गुडघ्याने भार पेलला नाही आणि गाडी हळूच कलली. अंगाला फारसे लागले नाही, पण रिक्षावाल्यांनी दंड धरून उठवले हे मनाला लागले. घरी आल्यावर ७१ वर्षांच्या आप्पांनी एवढेच सांगितले, "मी कुठं पडलो? गाडी पडली."

येळ्ळूरहून खडेबाजारात जाऊन येणे हा त्यांचा रोजचा परिपाठ आहे, त्यामुळे गाडी सोडा म्हणणे म्हणजे घरात बसा म्हणण्यासारखेच होते. तीन चाकांचा विचार त्यातून पुढे आला. सुरुवातीला मी बाजारात काय मिळते याचीच चौकशी करत राहिलो आणि त्यात महिना वाया घालवला. आधी विचारायला हवे होते ते वेगळेच, की माणसाचा तोल जातो तो गाडी चालताना की थांबल्यावर? आप्पांचा चालत्या गाडीवरचा हात आजही पक्का आहे. अडचण आहे ती पाय टेकण्याची आणि सीटवरून पाय पलीकडे टाकण्याची. हे ध्यानात आल्यावर निम्मे पर्याय आपोआप गळून पडले.

सर्वांत आधी गळाला तो माझा आवडता पर्याय. पियाजिओ कंपनीने २००६ मध्ये 'एमपी-थ्री' ही पुढे दोन चाके असलेली स्कूटर आणली आणि पुढे यामाहाने 'ट्रायसिटी' व 'निकेन' याच धर्तीवर काढल्या. या गाड्यांची पुढची दोन्ही चाके वळणावर गाडीबरोबर कलतात, म्हणून ओल्या रस्त्यावर त्यांची पकड उत्तम असते. मात्र जी गाडी कलू शकते, ती उभी असतानाही कलू शकते. एमपी-थ्रीला थांबताना पुढचा भाग ताठ ठेवणारे कुलूप आहे. ज्या गाडीला ते नाही, तिच्यावर पाय टेकावाच लागतो. ज्याची अडचणच रेल्वे गेटापाशी उभे राहण्याची आहे, त्याच्या ती काय कामाची? शिवाय परदेशातून मागवलेल्या गाडीचा सुटा भाग बेळगावात कोण देणार, हाही प्रश्न होताच.

आप्पांचे मन साइडकारवर होते. जुन्या बुलेटला जोडलेली साइडकार त्यांनी तरुणपणी पाहिलेली, आणि आई शेजारी बसेल हे आकर्षणही मोठे. कायद्यानेही तिला अडचण नाही, कारण मोटार वाहन कायद्यातील मोटारसायकलच्या व्याख्येतच जादा चाकाची, सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. परंतु आपल्याकडे ती डाव्या अंगाला असते, त्यामुळे वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, नुसत्या गाडीचा ब्रेक दाबला की उजवीकडे फिरते, आणि डावे वळण जोरात घेतले तर साइडकारचे चाक जमीन सोडते. गाडी कलवून नव्हे, तर हँडल दंडाच्या जोराने ओढून वळवावी लागते. ते खांदे आता राहिले नाहीत हे आप्पांनीच कबूल केले, तेही आई समोर नसताना.

राहिला तो स्कूटरच्या मागे दोन्ही अंगांना जादा चाके बसवण्याचा मार्ग. मोजायला गेल्यास ही चार चाके होतात, पण आमच्या भागात तिला सर्रास तीनचाकीच म्हणतात. गिअरलेस स्कूटरला पाय पलीकडे टाकावा लागत नाही, ही जमेची बाजू. तथापि, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत असा बदल करायला परिवहन खात्याची संमती आणि आर.सी.वर नोंद लागते, आणि नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीशी वाद ओढवतो. कायद्याच्या दृष्टीने असे वाहन शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी आणि केवळ तिच्याच वापरासाठी असते. परवान्यातही त्याचा वर्ग निराळा आहे. म्हणजे गुडघ्याचे वैद्यकीय कागद जोडणे आले आणि नातवाने ती गाडी घेऊन कॉलेजला न जाणेही आले. अर्जातील 'अपंगत्व' हा शब्द वाचून आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी कागद टेबलावर तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सही केली.

बसवून घेण्यातही आम्ही एकदा फसलो. पहिल्या गॅरेजवाल्याने बाजूची चाके इतकी खाली बसवली की सारा भार त्यांच्यावरच पडे, आणि खड्डा आला की मधले, म्हणजे ज्याला इंजिनाचा जोर मिळतो ते चाक हवेत लटकून नुसतेच गरगरे. ब्रेकचीही तीच कथा, कारण बाजूच्या चाकांना ब्रेक नाहीत. पुढे उद्यमबागेतल्या एका कारागिराने स्प्रिंग असलेला सांगाडा बसवून मधले चाक घट्ट जमिनीला टेकेल अशी उंची जुळवली. पैसे देण्याआधी गाडी खड्ड्यात आणि एका अंगाला उतरत्या रस्त्यावर, दोन्हीकडे चालवून पाहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शिकायला गावाबाहेरच्या माळावर तीन आठवडे गेले. आयुष्यभर कलून वळण घेतलेल्या माणसाला ताठ गाडी वळवणे अवघड जाते, कारण ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला लोटते. वेग आधीच उतरवून शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे लागते. दुचाकीच्या सवयीने खड्डा दोन चाकांच्या मधून सोडू पाहिले की एक चाक हमखास त्यात जाते. हेल्मेट अर्थातच कायम आहे.

आता आप्पा रोज गेटापाशी दोन्ही पाय फळीवर ठेवून बसतात. गाडीची मागची रुंदी वाढल्यामुळे रिक्षांच्या फटीतून पुढे सरकता येत नाही, आणि गेट उघडेपर्यंत त्यांच्या मागे थांबावे लागते, ही त्यांची सध्याची एकमेव तक्रार आहे.