स्क्रॅबलमध्ये लांब शब्द म्हणजे सात-आठ अक्षरांचा

इंग्रजीतल्या लांब शब्दांचा विषय निघाला की ४५ अक्षरांचा 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस' हमखास पुढे येतो. सिलिकाच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असा त्याचा अर्थ. १९३५मध्ये कोडेप्रेमींच्या वर्तुळात तो मुद्दाम घडवला गेला. स्क्रॅबलच्या पटावर एका ओळीत घरं १५च आणि हातात टाइल्स ७, त्यामुळे इथे तो निरुपयोगी. सातही टाइल्स एका चालीत लावल्या की ५० गुण जादा मिळतात. म्हणून पाठ करायचे ते सात-आठ अक्षरी शब्द (आठवं अक्षर पटावर आधीच असलेलं).

सुरुवात 'रिटेन'च्या आर, ई, टी, ए, आय, एन या सहा अक्षरांपासून करा. त्यात के आला की 'केराटिन' (नखं-केसांतलं प्रथिन), एम आला की 'मिनरेट' (मशिदीचा मिनार), डब्ल्यू आला की 'टॉनिअर' (अधिक पिंगट). एस आला तर अर्धा डझनहून जास्त शब्द: 'नॅस्टिअर', 'रेट्सिना' (पाइनच्या राळेचा स्वाद असलेली ग्रीक वाइन), 'स्टिअरिन' (मेणबत्तीत वापरतात तो घट्ट स्निग्ध पदार्थ), 'अनेस्ट्राय' (मादी माजावर नसते ते काळ).

अर्थ विचारला जात नाही, शब्द कोशात असला की झालं. २००७ची मुंबईतली जागतिक स्पर्धा जिंकणारे नायजेल रिचर्ड्स २०१५मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले. तशी स्मरणशक्ती नसेल तर अर्थ फार कामाला येतो, कारण शब्दाच्या शेवटी काय जोडता येईल ते त्यावरूनच कळतं. 'अनेस्ट्राय' मुळातच अनेकवचन आणि 'नॅस्टिअर' तुलनावाचक विशेषण, त्यामुळे दोघांनाही एस लागत नाही. सवयीने लावला आणि समोरच्याने चॅलेंज केलं, तर टाइल्स परत घ्याव्या लागतात आणि चालही वाया जाते. 'स्टिअरिन'ला मात्र एस चालतो, ई पण चालतो.

खरी गंमत सी आल्यावर. त्याच सात अक्षरांतून 'सर्टन'ही होतो आणि 'क्रिएटिन'ही (स्नायूंतलं एक रसायन). 'क्रिएटिन'च्या शेवटी एस किंवा ई जोडता येतो, 'सर्टन'च्या शेवटी एक अक्षर जोडून काहीच होत नाही. तुम्ही आघाडीवर असाल तर 'सर्टन' लावा, पट बंद राहतो, म्हणजे समोरच्याला शेवटी अक्षर जोडायला जागा मिळत नाही. पिछाडीवर असाल आणि पुढच्या चालीसाठी पट खुला ठेवायचा असेल, तर 'क्रिएटिन'.

आठ अक्षरांची किंमत पटाच्या कडेला कळते. तिथे एका तिप्पट-शब्द घरापासून (जिथे शब्दाचे गुण तिप्पट होतात) दुसऱ्यापर्यंत, ती दोन्ही धरून, बरोबर आठ घरं बसतात. दोन्ही घरांवर तुमच्या नव्या टाइल्स पडल्या तर शब्द नऊपट होतो. १९८२मध्ये 'कझीक्स' (वेस्ट इंडीजमधले स्थानिक सरदार) या आठ अक्षरी शब्दाला ३९२ गुण मिळाले ते असेच: अक्षरांची बेरीज २८, दुप्पट-अक्षर घरावरच्या क्यूमुळे ३८, त्याची नऊपट ३४२, वर ५०.