शिंगरू खाली का गेलं? रिंगमधला क्रम वाचताना

प्रदर्शनात पोनीचं शिंगरू पाचवं आलं की मालक पहिल्या नंबरच्या शिंगराकडे बघतो आणि त्याच्यातल्या खोडी शोधू लागतो. त्यातून काही कळत नाही. बघायचं ते हे की आपलं शिंगरू कोणत्या टप्प्यावर खाली गेलं. हातात धरून दाखवायच्या वर्गात साधारणपणे आधी सगळी जनावरं गोलात चालवतात, मग परीक्षक एक कच्ची रांग लावतो. त्यानंतर प्रत्येक शिंगरू एकेकटं उभं करून तपासतो, चालवून आणि दुडकवून बघतो आणि शेवटी पक्की रांग लागते. कच्च्या रांगेतच तळाला असाल, तर कारण बहुधा घडण, जातीची ठेवण किंवा अंगावरचं मांस. दुसऱ्या नंबरवरून दुडकीनंतर सहाव्यावर गेलात, तर कारण चालीत आहे. म्हणून दोन्ही रांगांचा क्रम कोणाला तरी लिहून ठेवायला सांगा आणि दुडकीचं चित्रण समोरून आणि मागून, दोन्हीकडून करून घ्या. बाजूने काढलेल्या चित्रणात पाय बाहेर फेकणं किंवा एकापुढे एक टाकणं दिसतच नाही.

शिंगराच्या वर्गात वयाचा हिशेब आधी पाहावा. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी वय १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे मार्चमध्ये जन्मलेलं आणि जूनअखेर जन्मलेलं शिंगरू एकाच वर्गात एक वर्षाचं म्हणून उभं राहतं. त्या वयात तीन महिन्यांचं अंतर छातीच्या रुंदीत आणि मानेच्या भरीवपणात स्पष्ट दिसतं. परीक्षकाला ते अंतर माहीत असलं तरी क्रम लावताना तो समोर उभं असलेलं जनावरच मोजतो. पुढे काय होईल याचा अंदाज काही परीक्षक जास्त धरतात, काही कमी. दोन प्रदर्शनांतले निकाल उलटसुलट येतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्यात पक्षपात शोधण्याची घाई करू नये.

मात्र कोणती उणीव वाढीबरोबर भरून निघते आणि कोणती नाही, हे मालकाला कळलंच पाहिजे. पुठ्ठा (कंबरेमागचा भाग) विदर्सपेक्षा, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यांवर असलेल्या उंचवट्यापेक्षा, उंच असणं हे एक-दोन वर्षांच्या वयात नेहमीचंच, कारण मागचा आणि पुढचा भाग आळीपाळीने वाढतो. अरुंद छातीमुळे कोपरं आत दबतात आणि पुढचे खूर थोडे बाहेर वळतात. छाती भरली की यातलं बरंचसं सुधारतं. याउलट खूर आत वळलेले असतील तर आपोआप सुधारण्याची आशा कमी. गुडघा मागे झुकलेला असणं, हॉकमध्ये (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात) विळ्यासारखा बाक, वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे येणं, या गोष्टी वय वाढलं म्हणून जात नाहीत. त्यावर चांगला परीक्षक पहिल्या वर्षीच खाली काढतो आणि ते योग्यच आहे. खुराच्या वर, फेटलॉकच्या सांध्यापाशी होणारी हाडाची वाढ बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत उरकते. तिथला वाकडेपणा दिसताच पशुवैद्य आणि नालबंद, दोघांनाही बोलवायला हवं. प्रदर्शनाच्या हंगामापर्यंत थांबलात तर संधी हुकते.

अंगावरच्या मांसाबद्दल मात्र माझं परीक्षकांशी भांडण आहे. गुबगुबीत शिंगरू भरीव दिसतं आणि कधीकधी वर जातं, म्हणून लोक चंदी (दाण्याचा खुराक) वाढवतात. जास्त चंदीने वेगानं वाढणाऱ्या शिंगराच्या सांध्यांजवळ सूज येऊ शकते, आणि पोनीला जाडीमुळे खुरांच्या आतला दाह होण्याचा धोका मोठा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात हलकेच फिरवला की लागाव्यात. अंगावरच्या मांसाच्या १ (अगदी हडकुळं) ते ९ (अति लठ्ठ) अशा मापावर ५ च्या आसपास. यापेक्षा जाड करून मिळालेली रिबन नको.

कित्येकदा उणीव जनावरात नसतेच, ती धरणाऱ्याच्या हातात असते. बागडोर आखूड धरून डोकं स्वतःकडे ओढलं की शिंगरू तिरकं दुडकतं आणि सरळ पायाचं जनावरही पाय फेकल्यासारखं दिसतं. डोकं मोकळं सोडा, त्याच्या खांद्याच्या रेषेत पळा आणि वळताना त्याला स्वतःपासून उजवीकडे ढकलत वळवा, म्हणजे तुम्ही परीक्षक आणि जनावर यांच्या मध्ये येत नाही. उभं करताना परीक्षकाला चारही पाय दिसले पाहिजेत: त्याच्या बाजूचा पुढचा पाय जरा पुढे, मागचा जरा मागे. पुठ्ठा उंच असेल तर पुढचे पाय किंचित चढावर येतील अशी जागा निवडा. उतारावर तोंड करून उभं केलं तर तो दोष दुप्पट दिसतो. या सगळ्याला पाच-सात दिवस पुरत नाहीत. निदान महिनाभर रोज दहा मिनिटं सराव लागतो, त्याहून जास्त वेळ घेतला तर लहान जनावर कंटाळतं.

परीक्षकाला विचारायचं असेल तर वर्ग संपल्यावर, रिंगमधल्या कारभाऱ्यामार्फत विचारा. “माझं का हरलं?” असं विचारलंत तर उत्तर गुळमुळीत येतं. “चालीत तुम्हाला काय खटकलं?” किंवा “पुढच्या वर्षी याच्यात काय बदललेलं बघायला आवडेल?” असं विचारलं की नेमकं ऐकायला मिळतं. ते त्याच दिवशी तारीख, शिंगराचं वय आणि उंचीसह लिहून ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती खरी धरा आणि नालबंदाला तो पाय दाखवा.