किती मेगापिक्सेल, हे सगळ्यात शेवटी विचारा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नवीन सीसीटीव्हीची कोटेशनं आलीयेत आणि मीटिंगमधे सगळी चर्चा दोनच गोष्टींवर चाललीये, मेगापिक्सेल किती अन् भाव किती. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत गेलात तरी काउंटरवर पहिला प्रश्न हाच, दोनचा दाखवू का चारचा. उद्या पार्किंगमधून गाडी गेली तर चोराचा चेहरा दिसणार की नाही हे त्या आकड्यावर फारसं ठरतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

२ मेगापिक्सेल म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे आडवे १९२० ठिपके, म्हणजेच पिक्सेल. समोर जेवढी रुंदी दिसते तेवढ्यावर हे ठिपके वाटले जातात, बास. आपल्याकडे सर्रास बसवतात ती २.८ एमएमची लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य पकडते, म्हणजे गेट १० मीटरवर असेल तर तिथली जवळजवळ २४ मीटर रुंदी चित्रात येते. १९२० भागिले २४, झाले मीटरला ८० पिक्सेल. माणसाचा चेहरा १६ सेंटिमीटर रुंद धरा, त्याच्या वाट्याला आले १३. तेरा ठिपक्यांत कोण कोणाला ओळखणार? यासाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत ओळखीचा माणूस ओळखू यायला मीटरला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटायला २५० पिक्सेल धरले होते. आता पैसे घालून ४ मेगापिक्सेलचा घेतला तर आडवे ठिपके होतात २५६०, म्हणजे चेहऱ्याला तेराचे सतरा! मेगापिक्सेल दुप्पट, चेहऱ्याची रुंदी मात्र फक्त एक तृतीयांशाने वाढली. त्यापेक्षा तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ एमएम लेन्सचा घेतला तर १० मीटरवर नऊ-साडेनऊ मीटरच रुंदी दिसते आणि मीटरला २०० च्या वर पिक्सेल मिळतात. आवारावर नजर ठेवायला रुंद लेन्स, गेटला अरुंद, एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं होत नाहीत.

दुसरी गोष्ट शटर, जी कोटेशनमधे कधीच लिहिलेली नसते. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी बाईक तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे जाते, मग नंबर प्लेटचा नुसता पट्टा उमटतो. लाइव्ह बघताना हे जाणवतच नाही कारण चित्र हलत असतं, पॉज केलं की कळतं. म्हणून डेमो दुपारी घेऊच नका, रात्री पार्किंगचे नेहमीचे दिवे चालू असताना कुणाला तरी गेटमधून चालत यायला सांगा, मग रेकॉर्डिंग लावा आणि थांबवून बघा. आणि हे डीव्हीआरवरच, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावरच बघा हं, मोबाइल अॅपमधे बहुतेक वेळा सबस्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची छोटी प्रत दिसते, ती मुळातच हलक्या दर्जाची असते.

पार्किंगच्या तोंडाशी बाहेर ऊन आणि आत अंधार, तिथे डब्ल्यूडीआर (ऊन आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) पाहिजेच नाहीतर आत येणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर. डीडब्ल्यूडीआर लिहिलं असेल तर ते वेगळं, त्यात एकाच चित्राचे काळे भाग नंतर उजळवतात, खऱ्या डब्ल्यूडीआरमधे कमी-जास्त उजेड घेतलेली (एक्सपोजरची) चित्रं घेऊन एकत्र करतात.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा दिलाय ते, आणि खरी गोम इथेच आहे. 'महिनाभराचं रेकॉर्डिंग' असं सगळेच सांगतात, पण हिशोब करून बघा. एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) चालला तर दिवसाला ४३ जीबी होतात, आठ कॅमेऱ्यांचे साधारण ३४५. म्हणजे ४ टीबीची हार्डडिस्क साडेअकरा दिवसांत भरली आणि जुनं पुसायला लागली. महिना बसवायचा तर प्रत्येक कॅमेरा दीड एमबीपीएसवर आणावा लागतो, मग जरा हालचाल झाली की चित्राचे चौकोन पडतात, आणि आपल्याला हवा असतो नेमका हालचालीचाच क्षण. व्हिडिओ दाबून लहान करायची एच.२६५ ही नवी पद्धत असेल तर जुन्या एच.२६४ च्या मानाने साधारण अर्ध्या बिटरेटमधे तेवढंच चांगलं चित्र मिळतं, त्यामुळे कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही एच.२६५ वाले आहेत ना ते नक्की बघा. माझं मत विचाराल तर धूसर तीस दिवसांपेक्षा स्पष्ट पंधरा दिवस कधीही चांगले, पण हा निर्णय कमिटीने घ्यावा, कॅमेरेवाल्याने परस्पर नाही.

ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे फिरत असतील तर सेटिंग ६० हर्ट्झवर राहिलंय, आपली वीज ५० हर्ट्झची, तेवढं बदलून घ्या.

आणि घड्याळ. डीव्हीआरची वेळ दहा मिनिटं पुढेमागे असली तर शेजारच्या सोसायटीच्या फुटेजशी ताळमेळ बसवताना गोंधळ उडतो, म्हणून इंटरनेट असेल तर एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं फुटेज कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-कोड, लिहायची असते. वॉचमनने स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप ग्रुपवर टाकायला ठीक आहे, पण मूळ फाइल डिस्कवर पुसली जायच्या आत पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करून ठेवायला पाहिजे, आणि ते कसं करायचं हे कमिटीतल्या निदान दोघांना तरी यायला हवं.