आमची वाटचाल: सहा तंबू आणि बाबांचा शिक्का

रानात तंबू ठोकून लोकांना रेल्वेगाड्या दाखवायचा आमचा धंदा सुरू झाला तो बाबांच्या टेंट हाउसमधून. ते जुन्या इंदूरमध्ये होतं. लग्नाचे मंडप, बिछायत, कनाती, गणपतीचे दहा दिवस. गोदामाच्या मागच्या भिंतीला जाड कॅनव्हासचे सहा तंबू रचलेले असायचे. महूच्या एका लिलावात बाबांनी ते घेतले होते. प्रत्येक तंबूच्या दाराच्या डाव्या पदरावर त्यांनी पत्र्याचा छाप ठेवून निळ्या तेलरंगाने दुकानाचं नाव उमटवलं होतं. मंडपाच्या धंद्यात माल अदलाबदल होतो, म्हणून शिक्का हवाच, असं ते सांगत. हाच शिक्का पुढे आमच्या मुळावर आला आणि त्यानेच आम्हाला सोडवलंही.

रेल्वे आमच्या घरात मामांमुळे आली. मामा अकोल्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून मीटर गेजने महू, खंडवा करत अकोला. पाताळपाणीला गाडी थांबली की आई टंट्या मामांसाठी, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लासाठी, हात जोडायची. 1889 मध्ये इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. तिथे गाडी त्यांना मान देऊन पुढे जाते, असं आम्हाला सांगितलेलं. मग घाट सुरू. खाली चोरल नदी, मधे बोगदे, आणि कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद. इंदूरच्या मराठी माणसाला या मार्गाचा अभिमान वाटलाच पाहिजे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर दिले, म्हणून 1870 च्या दशकात हा लोहमार्ग झाला. घाटातला चढ चाळीस फुटांना एक फूट असा. कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लागायचं. पुढचं इंजिन एका सुरात आणि मागचं दुसऱ्या सुरात कण्हायचं, आणि दरीत दोन्ही आवाज एकमेकांना गाठायचे. ज्याने ते ऐकलं, त्याला मी काय म्हणते ते कळेल.

2010 च्या डिसेंबरात आम्ही पहिला मुक्काम केला. कालाकुंडजवळ एका शेतकरी दादांचं हरभऱ्याचं रान, नऊ माणसं, बाबांचे तीन तंबू. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि तो. त्याचं नाव लिहिणार नाही. आमच्याच गल्लीतला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बारा वर्षं मी त्याला भाऊबीजेला ओवाळलं. जीप त्याची, तंबू माझे, नफा अर्धा-अर्धा. खरं ते सांगायला हवं: गोवऱ्यांच्या आरावर त्याच्यासारखे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, भाजणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि थंडीत गराडू नावाचा कंद तळून त्यावर मसाला भुरभुरवायचा तोच. लोक गाडीसाठी येत आणि जाताना त्याच्या हाताची चव घेऊन जात.

2013 पासून रतलाम-दाहोद बाजूलाही जायला लागलो. ती दिल्ली-मुंबईची मेन लाइन, रात्रभर जागी. मध्यरात्र उलटली की राजधानी, तिच्या मागोमाग ऑगस्ट क्रांती, मधे मालगाड्यांची रांग. पहाटे गोल्डन टेंपल मेल, आमचे जुने पाहुणे तिला अजून फ्रंटियरच म्हणतात. पुढची चार-पाच वर्षं धंदा नीट चालला, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखे आहेत आमचे काका. निवृत्त लोको पायलट, आधी मीटर गेजचं वायडीएम-4 डिझेल इंजिन, मग मेन लाइन. 2011 मध्ये पहिल्यांदा आले ते स्वतःची दोरीची खुर्ची घेऊन. रात्री आमचा पेट्रोमॅक्स बघितला आणि उठून सरळ त्याची हवा सोडली. मला म्हणाले, “पोरी, गाडी बघायला आलीस ना? मग दिवा कशाला? ड्रायव्हर अंधारात नजर लावून बसलेला असतो. त्याला तुझा दिवा सिग्नलच्या शेजारी दिसतो.” मग त्यांनी ते सांगितलं ज्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. रात्री कोणी पांढरा दिवा जोरजोरात आडवा हलवला, तर ड्रायव्हरसाठी त्याचा अर्थ एकच: धोका, थांब. हलवणारा रेल्वेचा माणूस आहे की पोरगं, हे बघत बसायला त्याला वेळ नसतो. त्या रात्रीपासून आमच्याकडे नियम झाला. जेवणं आठच्या आत, मग शेगडीवर झाकण. टॉर्च फक्त जमिनीकडे, काचेला दोन पदरी खादी बांधून. मोबाइल उशीखाली.

अंधार केला की काय दिसतं, ते एकदा बघाच. पौषातल्या पहाटे वरच्या तारेवर दव जमतं. वॅप-7 हे विजेचं इंजिन येतं तेव्हा पॅन्टोग्राफ, म्हणजे त्याच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, आणि तारेमध्ये निळी ठिणगी तडतडत धावते. क्षणभर सगळं रान निळं होतं, बाभळीचा काटान् काटा दिसतो आणि परत काळोख. हे बघून एका आठ वर्षांच्या मुलीने तोंडावर हात घेतला होता, आणि गाडी दूर गेली तरी काढला नव्हता.

नवीन लोक विचारतात म्हणून तंबूचंही सांगून टाकते. माळव्याच्या काळ्या मातीत फूटभर मेख चालत नाही. पावसात माती लोण्यासारखी सुटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन फुटी लोखंडी मेख घ्या, तंबूपासून उलट्या बाजूला कलती ठोका आणि बाभळीच्या मोगरीने ठोका. लोखंडावर लोखंड मारलं की डोकं पसरतं. संध्याकाळी दव पडायच्या आत तणावे थोडे ढिले करा. सुती कापड आणि दोर ओले झाले की आवळतात आणि रात्रीत मेख उपटतात. गाडीच्या हादऱ्याने तंबू पडतो असं पुष्कळांना वाटतं. पडतो तो दवाने. आणि पावसाळ्यात चोरलच्या पात्रात किंवा धबधब्याच्या वरच्या खडकांवर कोणी कितीही आग्रह केला तरी उतरू नका. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं वाहून गेली. वर कुठे पाऊस पडतोय, ते खाली उभ्या माणसाला कळत नाही.

25 डिसेंबर 2018 ला पाताळपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली. काचेच्या मोठ्या खिडक्या, डोंगर, धबधबा, सगळं इंदूर तिकडे लोटलं. माझ्या त्या भागीदाराला वाटलं, आता पैसा करायची वेळ आहे. स्पीकर आणू, रंगीत दिवे लावू, वाढदिवस घेऊ, पन्नास-पन्नास माणसं नेऊ. मी नाही म्हटलं. सहा महिने आमची धुसफूस चालली. 2019 च्या पावसाळ्यात मी बाबांच्या आजारपणात दवाखान्यात होते, तेव्हा त्याने गोदामातून सहाही तंबू उचलले, पाहुण्यांची वही उचलली, आणि मेन लाइनवरच्या शेताचं भाडं परस्पर वाढवून जागा स्वतःच्या नावावर घेतली. निरोप पाठवला, “ताई, माझा वाटा घेतला.” जीप त्याची होती, मान्य. तंबू बाबांचे होते. कोर्टात जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, ओवाळलंयस त्याला, जाऊ नको. गेले नाही. तेव्हा जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आमच्याकडे नायलॉनचे पाच घुमटी तंबू उरले. मग मार्च 2020 चं लॉकडाऊन. गाड्याच बंद. त्या वर्षी बाबा गेले.

2021 च्या डिसेंबरात एका सकाळी दुकानासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली. आदल्या रात्री मेन लाइनच्या चढावर एका शेतात तीसेक माणसांची पार्टी चालली होती. गाण्यावर सगळ्यांनी मोबाइलचे दिवे डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवायला सुरुवात केली. भरलेली मालगाडी चढत होती. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे जे करायचं तेच केलं, ब्रेक मारला. चढावर थांबलेली भरली मालगाडी सहजी उचलत नाही. मागची वाहतूक तुंबली, मदतीला इंजिन आणावं लागलं. पार्टीतले लोक जीपमध्ये बसून पळाले. रानात एक तंबू राहिला. त्याच्या डाव्या पदरावर निळ्या रंगात आमच्या दुकानाचं नाव.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांचं नाव अशा कामात. दोन दिवस मी सांगत होते की तंबू माझा आहे पण मुक्काम माझा नव्हता. ऐकायला ते किती पोकळ वाटतं, मलाच कळत होतं. तिसऱ्या दिवशी काका आले, हातात आमची नियमवही. दर मुक्कामाला प्रत्येक पाहुण्याची सही, दिवे कधी मालवले त्याची वेळ, हद्दीच्या दगडापासून तंबू किती पावलांवर त्याची नोंद. त्या रात्री आमची सतरा माणसं कालाकुंडला होती, सतरा सह्या होत्या आणि सतरावी काकांची. साहेबांनी वही दोनदा चाळली. मग विचारलं, “रूळ ओलांडायची शिक्षा पण लिहून ठेवलीय?” वहीच्या पहिल्याच पानावर होती: 1989 चा रेल्वे कायदा, कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सही करण्याआधी प्रत्येक पाहुण्याला आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवतो.

आमच्यावरचं सावट गेलं. त्याने कुठे काय भरलं, कसं मिटवलं, ते माझ्यापर्यंत आलं नाही. पण शेतकऱ्यांनी रानं बंद केली. ‘गाडीवाले’ म्हटलं की दार लावायचे. जानेवारीतली सगळी बुकिंग एकामागून एक रद्द झाली. त्या महिन्यात मी मोगरी आणि मेखा विकायला काढल्या होत्या.

काकांनी चार महिन्यांचे सगळे शनिवार एकदम घेतले. आगाऊ पैसे, घासाघीस नाही. बरोबर स्वतःचे जुने सोबती आणायचे, गार्ड, फिटर, एक निवृत्त स्टेशन मास्तर. आणि प्रत्येक शेतकऱ्याकडे स्वतः जाऊन ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, सांगायचे की ही पोर दिवा लावत नाही. तीन शेतं परत उघडली. मेन लाइनचं आमचं आजचं ठिकाण त्यातलंच.

2023 च्या सुरुवातीला महू-ओंकारेश्वर रोडची पॅसेंजर बंद झाली, म्हणून घाटात आता रात्रीचा मुक्काम घेत नाही. तिकडे दिवसा हेरिटेज गाडी दाखवतो आणि रात्र मेन लाइनवर काढतो. पाहुणे वीस, एकवीसवा नाही. येणार असाल तर कानटोपी आणा, कापूर आणा, परफ्यूम लावू नका. फोटो काढायचा असेल तर वळणाच्या आतल्या बाजूची खुर्ची मागा, तिथून अख्खी गाडी मावते. नुसतं ऐकायचं असेल तर काकांच्या शेजारी बसा. दूरचा डिस्टंट सिग्नल हिरवा झाला की ते बोट वर करतात, मग कोणी बोलत नाही. गाडी अंगावरून गेल्यासारखी जाते तेव्हा ते बसल्या जागेवरून हात उंचावतात. आतल्याला अंधारात दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पकडलेला तंबू चौकशी संपल्यावर पोलिसांनी मला परत दिला. मागच्या दिवाळीत एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तुमच्या नावाचा माल आलाय म्हणून. तीन तंबू होते. एकाला उंदरांनी कुरतडलेलं, दुसऱ्यावर रंगीत दिव्यांच्या वायरने भाजल्याचे डाग. शिक्का तिन्हींवर स्पष्ट. मागेल ती किंमत दिली. घरी आणून रिठ्याच्या पाण्याने धुतले, ठिगळं लावली, मेण चोळलं. आता त्यातला एक आमचा स्वयंपाकाचा तंबू आहे.

सहापैकी चार आले. दोन अजून त्याच्याकडे आहेत.